दोन बोटं आत

बायकोच्या निळ्या ड्रेसची शिवण टेलर मास्तरांनी तिसऱ्यांदा उसवली, तेव्हा ती आतल्या खोलीत औषधाच्या गुंगीत पडली होती. हात शिवणीवर, कान तिच्या श्वासाकडे. शिवण दोन बोटं आत घेतली, जुन्या टाक्यांची भोकं नखानं घासून बुजवली, इस्त्री फिरवली आणि ड्रेस होता त्याच खुंटीला टांगला.

चार वर्षांपूर्वी कॅन्सर पहिल्यांदा झाला, तेव्हा ती सुयांना डगमगली नव्हती. केस गेले तेव्हाही हसलीच. हाय खाल्ली ती कपड्यांची. अंगावर लोंबणारा ड्रेस आरशात पाहिला आणि तिनं जेवणच टाकलं. कशीबशी वाचली. आता दुखणं परतलं, तेव्हा तिनं आधीच बजावून ठेवलं.

"या खेपेला कपडे लोंबायला लागले की मी थांबणार. मग मला ओढत नेऊ नका."

केमोचे सहा डोस घ्यायचे होते, दोन झाले होते. घरातला वजनकाटा मास्तरांनी माळ्यावर दडवला. दवाखान्यातल्या सिस्टरना गळ घातली, वजन घ्या, पण आकडा तिला कळू देऊ नका. रोज सकाळी धोतर नेसून तासभर ते देवळात जाऊन बसत. देवा, जन्मभर लोकांची मापं खरी घेतली, ही एवढी लबाडी पदरात घे. तीही त्यांना हौसेनं घराबाहेर काढी. जरा जास्त वेळ बसा, म्हणे, माझ्या वाटचंही मागून या.

पूर्वी दुकानातली काजं-बटणं आणि हातशिलाई तिच्याकडेच असे. ती डावखुरी, त्यामुळे तिचे टाके उलट्या बाजूला कलायचे. तुझे टाके माहेरी निघालेत, असं मास्तर चिडवत. तुमचेच वाट चुकलेत, असं ती ऐकवी. आता सुईचा डबा तिच्या उशाशी नुसता पडून असे.

तिसऱ्या डोसच्या आदल्या दिवशी तिनं नवंच काढलं. तुम्ही तुमचं रक्त तपासायला द्या, मगच मी सुई टोचून घेईन.

मास्तरांना हसू आलं. समोरचा न्हावीही परवा म्हणाला होता, मास्तर, गाल बसलेत. बसणारच. झोप कुठे होती? जेवण तरी कुठे धड जात होतं?

"मला काय धाड भरलीय?" ते उभे राहून गर्रकन फिरले. "ही पँट बघ. वर्षापूर्वी शिवली, अजून पट्ट्याशिवाय बसते. शिंप्याच्या कमरेला पट्टा दिसला, की खुशाल घाबर."

ती पँटकडे बघत राहिली. मग कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी तिनं तो निळा ड्रेसच घातला. आरशासमोर क्षणभर थांबली. "बसला की नीट," ती म्हणाली, आणि मास्तरांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

दवाखान्यात आत जाताना तिनं पुन्हा विचारलं, रक्त? देऊन येतो, असं सांगून मास्तर बाहेरच्या बाकावर टेकले. कशाला उगाच? पाच मिनिटांनी झालं म्हणायचं. तिला खोटं सांगायची आता सवय झाली होती.

टेकताना पँटचं बटण तटकन तुटलं. खिशात सुईदोरा असायचाच. पँट सावरत ते कोपऱ्यातल्या बाथरूममध्ये शिरले आणि कडी लावली.

तेवढ्यात सिस्टरनी दार वाजवलं. "मास्तर, तुमचं रक्त दिलंत का? त्या हात पुढे करत नाहीयेत. आधी त्यांचं होऊ दे म्हणतात."

"आलोच," मास्तर म्हणाले, आणि बटण लावायला त्यांनी पँटची कंबर उलटी केली.

मागची शिवण आत घेतलेली होती. एकदा नाही, तीनदा. जुन्या टाक्यांची भोकं नखानं घासून बुजवलेली. त्यांनी बोटं लावून पाहिली. दोन, चार, सहा. सहा बोटं आत, आणि टाके सगळे उलट्या बाजूला कललेले.