निधीचा फोन

"नर्मदा, तुझ्या पाया पडतो, पण होडी दे गं," चिमण फोनवर रडत होता.

नर्मदाने फोन कानाला आणखी घट्ट दाबला. हेच ऐकायला मिळावं म्हणून तर तिने तीन वर्षं काढली होती. एक शब्दसुद्धा सांडायला नको.

पुरी ओहोटी होती. डहाणूच्या खाडीत सगळ्या होड्या चिखलात बसलेल्या. तरंगत होती ती एकट्या नर्मदाची, खाडीच्या तोंडाशी नांगरलेली. बाहेर वारा सुटला होता. सकाळी गेलेले सगळे केव्हाच परतले होते, चिमणचा एकुलता एक नयन तेवढा नाही. त्याचा फोनही लागत नव्हता, सारखा बिझी येत होता.

"बोल की," ती म्हणाली. "ऐकतेय मी."

टूं... टूं... मध्येच फोनमध्ये वाजायला लागलं. तिने फोन कानापासून काढून पाहिला. निधी. लेकीची, मयूरीची, कॉलेजातली मैत्रीण. या बयेला दुसरा उद्योगच नव्हता. घरात फोन एकच, तोही बटणांचा, आणि त्यावर घरधनिणीपेक्षा या निधीचाच हक्क जास्त. बटणं दाबताना जो आवाज यायचा तोसुद्धा मयूरीने बंद करून टाकला होता, डोकं उठतं म्हणे. वाजू दे मेलीला! नर्मदाने फोन परत कानाला लावला.

"बाबल्या तुझ्या होडीवर बसलाय," चिमण म्हणत होता. "तू सांगितल्याशिवाय नांगर काढणार नाही म्हणतो."

"शहाणा आहे बाबल्या."

तीन वर्षांपूर्वी हाच बाबल्या हिच्या नवऱ्याबरोबर, भीमाबरोबर, त्याच होडीवर होता. अशीच वाऱ्याची दुपार. पंख्यात जाळं गुंतलं आणि मशीन बंद पडली. त्या दिवशी चिमणची होडी खाडीच्या तोंडाशी तयार उभी होती, म्हणून भीमाने चिमणला फोन लावला. पुन्हा लावला. लावतच राहिला. "वेटिंगवर येतोय रे, कुणाशी तरी बोलतोय," एवढं तो म्हणाला आणि लाट आली. बाबल्या रिकाम्या कॅनला धरून किनाऱ्याला लागला. दोन दिवसांनी होडी सापडली. भीमा सापडला नाही.

"फोन माझाच होता," चिमण सगळ्यांसमोर म्हणाला होता. कुणाशी बोलत होतास, असं विचारलं की मान खाली. मग दुसरं काय समजायचं? असेल कुणीतरी बाई! नर्मदाने त्याला भर बाजारात फाडून खाल्लं. त्याच्या बायकोच्या पाटीकडे गिऱ्हाईक फिरकू दिलं नाही. दर्याकडे तोंड करून ती म्हणाली होती, "ज्याने तो फोन कानाला धरला आणि जी पलीकडून बोलत होती, त्या दोघांचं वाटोळं होऊ दे." आणि त्यानंतर रोज दिवा लावताना म्हणत आली होती. चिमणने त्या दिवसापासून फोन वापरायचाच सोडला. आतासुद्धा कुणाच्या तरी फोनवरून बोलत होता.

टूं... टूं... पुन्हा निधी.

"पोरगं आहे गं ते," चिमणचा आवाज फुटला. "मला काय हवं ते कर. मला बुडव."

"तुला नाही बुडवायचं. तू काठावर उभा राहा आणि बघ. भीमाने किती वेळा लावला होता रे तुला? आता तू लाव."

खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं बरं वाटलं.

मयूरी सुक्या बोंबलांची टोपली घेऊन मागच्या दाराने आत आली. आईचा चेहरा बघून जागीच थांबली. "कोण आहे गं?"

"चिमण. नयन परत आला नाही त्याचा. होडी मागतोय माझ्याकडे, माझ्याकडे!" नर्मदा हसली. तेवढ्यात कानात परत टूं टूं सुरू झालं. "आणि ही तुझी निधी एक, मघापासून मध्ये मध्ये तडमडतेय."

टोपली खाली पडली. बोंबील घरभर झाले.

"आई, ती निधी नाही," मयूरी म्हणाली. "तो नयनचा नंबर आहे. मीच निधी नाव टाकलंय."

नर्मदाला आधी काही कळेना. मग कळलं तसा तिचा हात उगारला गेला. "चिमणच्या पोराशी? ज्याने तुझ्या बापाला मारलं, त्याच्या पोराशी?"

"चिमणकाकांनी नाही मारलं." मयूरी रडायला लागली. "त्या दिवशी त्यांचा फोन नयनकडे होता. तू बाजारात होतीस. याच फोनवरून मी त्याच्याशी बोलत होते. मध्येच बाबांचा फोन आला, त्याला नाव दिसलं. आम्हाला वाटलं, बाबांना आमचं कळलं. काकांनी नंतर सगळं स्वतःवर घेतलं, माझं नाव येऊ दिलं नाही. आई, नयन उचलत होता गं. मीच म्हटलं, उचलू नको."

उगारलेला हात तसाच राहिला. दोघांचं वाटोळं मागितलं होतं तिने. एक दर्यात होता आणि दुसरी तिच्या पुढ्यात रडत होती. फोनमध्ये टूं टूं चालूच होतं.

तिने फोन तोंडाशी नेला. "भावजी," ती म्हणाली, "बाबल्याला सांगा, नांगर काढ."

मग तिने तो लेकीच्या हातात कोंबला.

"घे. आता उचल."