मादीची साद

वायोमिंगच्या उत्तुंग पहाडात मी एकटाच, एल्क हरणाच्या मादीचा आवाज काढणारी पिपाणी फुंकीत, नराच्या मागावर उपाशीतापाशी हिंडलो. अखेर तो सादेला भुलला; परंतु माझी गोळी वर्मी लागली नाही आणि तो कुंपण ओलांडून खाजगी कुरणात कोसळला. तेथे घोड्यावर बसलेला राखणदार होता. “दादा, इथूनच दुसरी गोळी घालू? तडफडतोय तो.” “मालकांना विचारल्याशिवाय आमच्या हद्दीत गोळी? जेलात जाल. मालकांचा फोन लागेना.” “मग तुम्ही घाला!” “माझ्याकडं शिकारीचा परवाना कुठाय? तुमची पिपाणी आहे ना, बोलवा की परत तुमच्या बाजूला!” मी खरोखरच पिपाणी फुंकली. रक्त सांडीत, गुडघ्यांवर अंग रेटत तो माझ्याकडे सरकला. कुंपणाआधीच त्याचे बळ सरले. राखणदाराने टोपी काढली. “पुरे, पाहुणे.” परंतु मी थांबताच तो मान उचलून मादीला शोधी, म्हणून मी फुंकतच राहिलो.