बेतवाकाठची वाट

बनारसला मंगला गौरीच्या देवळाजवळ राहणाऱ्या देवदत्त पाध्यांनी बैठकीत एक जुना नकाशा काच लावून टांगला होता. सत्तावनच्या बंडात इंग्रज फौज कुठून कुठं गेली, त्याचा. १९९४ साली त्यांच्या लेकीला, ईशानीला पाहायला मंडळी आली, तेव्हा त्यांनी नेहमीची बढाई मारली.

"आमचे खापरपणजोबा सत्तावनच्या गदरमध्ये इंग्रजांशी लढले."

खरं काय ते वडिलांनी त्यांना एकट्यालाच सांगितलं होतं. खापरपणजोबांनी इंग्रजांना वाट दाखवली होती.

मुलाची आजी म्हणाली, "बेतवा नदीकाठी आमचं गाव होतं. फौजेनं जाळलं. यात दिसतं का हो?"

"बघू या," म्हणत देवदत्तांनी काचेवर बोट ठेवलं. ते आपोआप सरकू लागलं. छापलेला रस्ता सोडून कोऱ्या कागदावरून वळणं घेत निघालं. त्यांनी हात मागे ओढला, पण तो निघेना.

"अहो, ही तर घरातली म्हातारी माणसं सांगायची ती चोरवाट," आजी हळूच म्हणाली. "गावाबाहेर कुणाला ठाऊक नव्हती."

देवदत्तांची मान शरमेनं खाली गेली. लेकीकडे बघवेना. बोट एका ठिपक्यापाशी येऊन थांबलं. "हेच आमचं गाव," आजी म्हणाली.

तशा काचेमागून, एकेका दाराच्या कड्या आतून लागत गेलेल्या सगळ्यांनी ऐकल्या.