बोक्याची वेळ

बोका टेबलाखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर पीठ चाळायची चाळण होती आणि कमरेला टॉवेलची शेपटी. एरवी हा बोका बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. दुपारी जेवायला घरी आला की त्याचं हे असं व्हायचं.

"म्याऊ," तो ओरडला. "या घरात एक घास उरलाय म्हणे. मीच खाणार."

सरकारने घाईघाईने तोंड उघडलं. बायकोने चमचा आत सारला.

सरकार म्हणजे त्यांची दीड वर्षाची लेक. हातपाय काडीसारखे, पण घरात तिच्या मर्जीशिवाय पान हलायचं नाही, म्हणून सरकार. उन्हाळ्यापुरतं काम मिळालं आणि तिघं या समुद्राकाठी राहायला आली. सकाळी वाळूत सोडलं की सरकार मुठी भरभरून वाळू खायचं. घरी भाताचं शीत दिसलं की तोंडाला कुलूप. चिऊचा घास करून झाला, काऊचाही झाला. दोघंही हात टेकून उडून गेले. शेवटी बोका कामी आला. मात्र चोरपावलांनी आलेला बोका सरकारला चालायचा नाही. त्याने घसा ताणून ओरडायचं, वाटेतली दोन भांडी पाडायची, बायकोने चाळणीवर पळी हाणायची, मग त्याने कोकलत पळून जायचं. तेव्हा कुठे एक घास पोटात जायचा. वाटीत घास बरेच असायचे.

उकाड्याने खिडक्या सताड उघड्या. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातली शिंक इकडे ऐकू यावी. बोक्याची पहिली आरोळी उठली की समोरची खिडकी धाडकन उघडायची आणि तिच्यात काका उभे राहायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, पांढऱ्या मिशा, चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. एकवार इकडे बघायचे आणि आत वळायचे.

"चिडलेत," बायको म्हणायची.

"चिडू देत. पोरीला उपाशी ठेवू का?" तो म्हणायचा, पण पुढचं म्याऊ जरा दबकतच निघायचं. मग सरकार मान फिरवायचं, आणि त्याला पुन्हा आवाज चढवावा लागायचा.

एका संध्याकाळी घरमालकीणबाईंनी बायकोला जिन्यात गाठलं. "समोरचे काका विचारत होते, ही मंडळी अजून किती दिवस आहेत म्हणून." एवढं बोलून बाई भाजीची पिशवी सावरत वर निघून गेल्या.

ही खोली मिळवताना नाकी नऊ आले होते. ऐन हंगामात दुसरी मिळायची आशाच नको.

"काकांनी बाईंचे कान भरलेत," ती घरात येऊन म्हणाली. "आता बिऱ्हाड पाठीवर घ्यायची तयारी ठेवा."

त्याने बराच वेळ डोकं खाजवलं. "उद्यापासून मुका बोका," तो शेवटी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले. पंखा गरम हवाच ढवळत होता. बोका बोटांच्या टोकांवर आला. त्याने तोंड वासून बिनआवाजाचं म्याऊ केलं. बायकोने चाळणीपासून वीतभर लांब पळी हाणली. बोका आवाज न करता कळवळला, आवाज न करता गडाबडा लोळला आणि पळताना टेबलाच्या पायावर खरोखर आपटला, तरी हूं की चूं केलं नाही. सरकार थक्क झालं. त्याचा वासलेला जबडा मिटेचना. बायकोने संधी साधली आणि चमच्यामागून चमचा आत ढकलला. बघता बघता वाटी चाटूनपुसून लख्ख झाली.

नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. एवढी सोपी युक्ती इतके दिवस सुचली कशी नाही?

तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात काका होते. त्यांच्या हातातही वाटी होती, आणि इस्त्रीच्या शर्टावर पुढून भाताची शितं चिकटली होती. चाळण काढायचं भान त्याला राहिलं नाही.

"काका, कालपर्यंतचं पोटात घाला," तो म्हणाला. "आजपासून तुम्हाला आवाजाचा त्रास होणार नाही."

काकांनी चाळणीकडे पाहिलं. "म्हणजे बोका यायचा बंद?"

"एकदम बंद."

"असं करू नका हो," काका म्हणाले. ते रडकुंडीला आले होते. "आमच्याकडे सगळं खोळंबलंय. कधीचा मागे लागलोय, पण दातखीळ बसल्यासारखं तोंड घट्ट मिटलंय. बोका कुठाय, एवढंच विचारणं चाललंय."

"तुमच्याकडेही लहान आहे?" बायकोने विचारलं. "कधी दिसलं नाही खिडकीत."

"घराबाहेर पडणं होत नाही. पण हट्ट विचारू नका." काकांनी वाटीतला भात ढवळला. "तुम्ही इथे आहात तोवर तरी बोका चालू ठेवा. पुढचं माझं मी बघेन."

ते जिना उतरून गेले. बायकोने पडदे सारले, खिडक्या उघडल्या. तो पुन्हा चारी पायांवर उतरला, लांब श्वास घेतला आणि अख्खी गल्ली दणाणेल असं ओरडला. दोन भांडी पडली. पळी चाळणीवर बसली. पोट भरलेलं सरकार टाळ्या पिटत खिदळलं.

समोरची खिडकी धाडकन उघडली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, वाटीत चमचा वाजला, आणि मग काकांचं लाडीगोडीचं बोलणं ऐकू आलं:

"आला बघ बोका. आता आ कर, आई."