तिसरा सर्व्हर अकोल्याला

"चपला बाहेर काढा," कमलाकांत म्हणाले. "तुम्ही आमच्याकडे याल असं वाटलं नव्हतं."

संघपालने चपला काढल्या. टोमणा त्याने बॅगेसोबत खाली ठेवला.

अमरावतीतलं हे वधू-वर सूचक केंद्र कमलाकांतांचं. अकोल्याच्या शाखेत त्यांची मुलगी माधवी बसते. स्थळांची सगळी माहिती आता तीन सर्व्हरवर राहणार होती. दोन इथे, एक तिच्या टेबलाखाली. शोधायची सोयही त्यातच. ते बसवायला संघपाल अकोल्याहून आला होता.

आणि माधवीला मागायला. पण ते बोलायचं नव्हतं. दोन वर्षं ती एकच सांगत होती, "बाबा जातीबाहेरचं ऐकत नाहीत. आधी त्यांना तुझं काम पाहू दे. मी बोलल्याशिवाय तू तोंड उघडू नको."

पहिला सर्व्हर : चालू.

"सगळं एकाच ठिकाणी ठेवलं तर काय बिघडतं?" कमलाकांतांनी विचारलं.

"एक बंद पडला तर बाकीचे दोन काम चालवतात, काकाजी. तिघांकडे नोंद सारखीच असते."

"आणि शोध?"

"आधी माहिती एकीकडे होती, शोध दुसरीकडे. नवं स्थळ सापडायला वेळ लागे. आता लिहिलं की सापडलं."

"मशिनीचं बरं आहे."

दुसरा सर्व्हर : चालू.

चहा आला. "घेता ना आमच्याकडचा?"

"घेतो की." त्याने कप उचलला. असं तोंडावर कोणी विचारून बरीच वर्षं झाली होती.

"घरी कोण असतं?"

"आई. भाऊ भातकुलीला शिक्षक आहे."

"आईचा शब्द चालतो घरात?"

"चालतो."

"हं," कमलाकांत म्हणाले.

तिसरा सर्व्हर : उत्तर नाही.

त्याने माधवीला फोन लावला. "वायर काहून काढली तू?"

"कूलर लावला होता. थांब, लावते." मग आवाज खाली आला. "बाबा काय म्हणून राहिले?"

"चहा पाजून राहिले. चटके देत देत."

"तू काही बोलला तर नाही ना?"

"नाही."

"बोलू नको. आज तर नकोच."

तिसरा सर्व्हर : चालू.

कमलाकांत खुर्ची ओढून शेजारी बसले. "आता शोधून दाखवा. आमच्या माधवीसाठीच शोधा."

वय. शिक्षण. गाव. जातीच्या रकान्यापाशी संघपालची बोटं थांबली.

"इथे काय टाकू?"

"काही नाही. रिकामा सोडा."

त्याने मान वळवून पाहिलं. म्हातारा थट्टा करत नव्हता. पडद्यावर नावं उतरू लागली, सगळ्या आडनावांची.

शोध : पूर्ण.

आज नकोच, ती म्हणाली होती. पण असा दिवस पुन्हा कधी आला असता?

"काकाजी," तो म्हणाला, "यात माझं नाव घातलं तर चालेल?"

कमलाकांतांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला.

"आता कशाला, संघपाल? मी तर दोन वर्षांपूर्वीच हो म्हणालो होतो. तुमच्या आईला सून जातीतलीच पाहिजे, हा तुमचा निरोप माधवीनेच आणला होता, रडत."