गावोगावची मुक्ती

"रड की जरा," ओठ न हलवता दुपेराँ पुटपुटला. "कांदा दिलाय ना हातात?"

तेलेमाकने मूठ डोळ्यांशी नेली. स्वयंपाक्याला कांद्याची काय मातब्बरी? एक टिपूस येईल तर शपथ.

मंचाखाली चौकात सगळं गाव लोटलं होतं. गेल्या सणाला शेजारच्या गावात हाच खेळ झाला होता, त्याआधी बोर्दो बंदरात. दुपेराँची जहाजं कालपरवापर्यंत आफ्रिकेतून माणसं भरून नेत होती. मग गिलोटिनवर ओळखीच्यांच्या माना पडू लागल्या आणि साहेबांना एकाएकी माणुसकी सुचली. आता माणसाला मुक्त करायचं, तर साखळी नको? घरचा गुलाम असला तरी तेलेमाकला कधी साखळी नव्हती. मग गोदामातून एक आणवली, घासूनपुसून लखलखीत केली. सणासणाला ती त्याला घालायची, भाषण ठोकायचं, किल्लीने काढायची आणि मिठी मारून दोन्ही गालांचे मुके घ्यायचे. लोक टाळ्या पिटायचे. घरी परतलं की तेलेमाक पुन्हा चुलीपुढे, फुकटात.

क्रांतीने सगळ्यांना अरेतुरे करायला शिकवलं होतं. घरात मात्र मालक ते मालकच.

"मालक, खरंखुरं कधी सोडणार?" परतताना गाडीत तो दर वेळी विचारायचा. बंदरावरची धोबीण मार्गो त्याच्यावर जीव टाकून होती. पण दुसऱ्याच्या मालकीच्या माणसाशी लग्न करणार नाही, असं तिने बजावलं होतं.

"दिवस निवळू देत रे. मी शब्दाचा पक्का आहे."

आज भाषण झकास झालं. साखळी काढायची वेळ आली आणि दुपेराँ खिसे चाचपू लागला. किल्ली घरीच राहिली होती. लोक कुजबुजायला लागले. तसा गावचा लोहार गिमार हातोडा घेऊन मंचावर चढला.

"किल्ली कशाला हवी, नागरिका? फोडूनच टाकतो."

"फोडू नकोस!" दुपेराँच्या तोंडून निघून गेलं. "पुढच्या गावाला लागणार आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसणं थांबलं आणि "धरा त्याला" अशी आरोळी उठली. दुपेराँचा चेहरा पांढराफटक पडला. चार जणांनी त्याचे दंड धरले. तसा साखळीसकट तेलेमाक मध्ये घुसला.

"याला नेऊ नका, बाबांनो. पाया पडतो. हा गेला तर मला सोडणार कोण?"

गिमार त्याच्याकडे बघतच राहिला. "तुला कुणी सोडायचं राहिलंय? अरे, पॅरिसला कायदा होऊन महिने लोटले. गुलामगिरी संपली. हा सण त्याचाच तर आहे."

"ते होय," तेलेमाक म्हणाला. "ते तर मालक दर गावाला म्हणतात. मला वाटलं, तेही नाटकातलंच."