नाकासमोरची जागा

अलकाचा हात रेडिएटर आणि बॅटरी यांच्या फटीत कोपरापर्यंत अडकला होता. टर्बोची तापलेली हवा इंटरकूलरकडे नेणारा पाइप सकाळपासून बसत नव्हता. वरून नेला की बॉनेट लागेना, खालून नेला की पंख्याला घासे. तिची कंबर भरून आली होती. रविवारच्या शर्यतीसाठी आपली गाडी तयार हवी, म्हणून घोरपडेकाका तिच्या गॅरेजात स्टुलावर ठाण मांडून बसले होते.

शेवटी तिने बॅटरीच उचलून मागे डिकीत हलवली. मोकळ्या जागेतून पाइप वळवला आणि क्लँप आवळले.

"बघा काका, बसला एकदाचा."

काका वाकले. पाइपवरून बोटं फिरवत त्यांनी विचारलं, "बॅटरीच्या कुठल्या बाजूने काढलास गं?"

बॅटरीची रिकामी जागा त्यांच्या नाकासमोर होती.

अलकाने पाना खाली ठेवला. "काका, तुम्हाला दिसत नाहीये?"

"सावल्या दिसतात."

"आणि शर्यतीत उतरणार होतात?" तिचा आवाज चढला.

"नाव मागे घेतलंय मी. एकदा हिला पळताना ऐकायचं होतं. खरं सांगितलं असतं, तर तू एवढी राबली असतीस का?"

नसतीच राबली. अलकाच्या अंगात आता भांडायचंही त्राण नव्हतं. तिने काळे हात पुसले आणि काकांकडून किल्ली मागून घेतली.

काका सवयीने उजव्या दाराकडे वळले. तिने त्यांना दंडाला धरून डावीकडे नेलं, सीटवर बसवलं, पट्टा लावला.

"चढाच्या रस्त्याने घे," काका म्हणाले.